रूम सोडली, पासवर्ड तसाच! घरच्या वाय-फायचा पासवर्ड कधी आणि कसा बदलायचा?

मे महिन्यात नीटची परीक्षा झाली की लातूरच्या ट्यूशन एरियातल्या आणि नांदेडच्या श्यामनगर, भाग्यनगरातल्या रूम रिकाम्या व्हायला लागतात. गाद्या, कूलर, पुस्तकांची पोती टेम्पोत चढतात. घरमालक लाइट बिलाचा हिशेब करतात, चावी परत घेतात, डिपॉझिट देऊन टाकतात. वाय-फायचा पासवर्ड मात्र पोरांच्या मोबाइलमध्येच राहतो. जूनमध्ये नवी बॅच येते आणि तिलाही तोच मिळतो.

गावी परत गेलेल्या मुलाचा प्रश्न नाही, तिथपर्यंत सिग्नल पोहोचत नाही. पण रिपीट करणारा मुलगा शेजारच्याच गल्लीत दुसरी रूम घेतो. शिवाय ‘मी फक्त एकालाच सांगितला होता’ याला आता फारसा अर्थ नाही. बहुतेक नव्या अँड्रॉइड फोनमध्ये जोडलेल्या वाय-फायचा क्यूआर कोड दाखवता येतो. मित्राने तो स्कॅन केला की पासवर्ड न विचारताच तो जोडला जातो.

कनेक्शन कुणाच्या नावावर?

नेट स्लो होणं हा यातला सगळ्यात छोटा त्रास आहे. घरातले सगळे मोबाइल आणि लॅपटॉप राउटरमधून बाहेर पडतात, तेव्हा बाहेरच्या जगाला त्यांचा एकच आयपी पत्ता दिसतो. एखादा धमकीचा मेल किंवा फसवणूक त्या पत्त्यावरून झाली, तर पोलीस कंपनीकडे विचारणा करतात आणि कंपनी ज्याच्या नावावर कनेक्शन आहे त्याचं नाव देते. मोबाइल कुणाचा होता, हा प्रश्न त्यानंतर येतो.

महाराष्ट्रात हे घडलेलं आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी माध्यमांना एक मेल गेला होता. आयपी पत्त्याचा माग काढत पोलीस पोहोचले ते नवी मुंबईत, सानपाड्यात राहणाऱ्या एका अमेरिकन नागरिकाच्या फ्लॅटवर. त्याची कसून चौकशी झाली. पुढे तपासात समोर आलं की त्याच्या वाय-फायचा वापर भलत्याच लोकांनी केला होता. त्यानंतरचे असेच मेल ऑगस्टमध्ये माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या आणि सप्टेंबरमध्ये चेंबूरच्या एका कंपनीच्या नेटवर्कवरून गेले. फेब्रुवारी २००९ मध्ये केंद्राच्या दूरसंचार विभागाने वाय-फाय सुरक्षित ठेवण्याबाबत इंटरनेट कंपन्यांना सूचना दिल्या.

तेव्हा अनेक घरांत वाय-फायला पासवर्डच नसायचा. आता असतो, पण चार वर्षांत पन्नास जणांना दिलेला पासवर्ड आणि उघडं वाय-फाय यात फार फरक उरत नाही.

बदलायचा कसा?

जिओ किंवा एअरटेलचं फायबर असेल तर सोपं आहे. कंपनीच्या मोबाइल ॲपमध्ये वाय-फायच्या सेटिंगमध्ये नाव आणि पासवर्ड बदलायची सोय असते.

लोकल केबलवाल्याकडून किंवा बीएसएनएलचं फायबर घेतलेल्यांना बहुतेक वेळा राउटरच्या पानावर जावं लागतं. मोबाइल घरच्या वाय-फायला जोडा आणि मोबाइल डेटा बंद करा. डेटा चालू राहिला तर अनेकदा पान उघडतच नाही, आणि इथेच बरेच जण कंटाळून सोडून देतात. मग राउटर उलटा करून खालचं स्टिकर वाचा. त्यावर १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा पत्ता असतो. जिओच्या राउटरला तो १९२.१६८.२९.१ असतो. हा पत्ता ब्राउझरमध्ये इंग्रजी आकड्यांत टाका. ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असा इशारा आला तर घाबरू नका. पान तुमच्याच घरातल्या डब्याचं आहे, पुढे जा.

लॉगिन झाल्यावर वायरलेस किंवा डब्ल्यूलॅन नावाचा भाग शोधा. सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ ठेवा. जुन्या राउटरवर डब्ल्यूईपी दिसलं तर ते वापरू नका, ते केव्हाच फोडलं गेलं आहे. पासवर्ड किमान आठ अक्षरांचा लागतो, बारा-पंधरा अक्षरांचा बरा. अनेक राउटरवर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशी दोन नेटवर्क असतात. एकाचाच पासवर्ड बदलला तर दुसरं दार उघडंच राहतं.

सेव्ह केल्यावर तुमचाही मोबाइल तुटेल. काही बिघडलेलं नाही, नवा पासवर्ड टाकून जोडा. टीव्ही, प्रिंटर आणि वाय-फायवरचे सीसीटीव्ही कॅमेरेही पुन्हा जोडावे लागतात. कॅमेरा विसरू नका, तो गुपचूप बंद पडलेला असतो.

दुसरा पासवर्ड विसरू नका

राउटरच्या पानावर शिरायचा पासवर्ड वेगळा असतो. अनेक घरांत तो ॲडमिन-ॲडमिन असाच असतो, कारण बसवणारा मुलगा घाईत गेला. तो न बदलल्यास रूमवरचं कुणीही ते पान उघडून तुमचा नवा पासवर्ड वाचू शकतं.

पासवर्ड म्हणून मोबाइल नंबर, मुलाचं नाव आणि १२३, किंवा एमएच २४, एमएच २६ पासून सुरू होणारा गाडीचा नंबर नको. गाडी दारातच उभी असते. इंग्रजी अक्षरांत लिहिलेले एकमेकांशी संबंध नसलेले तीन मराठी शब्द आणि मध्ये एखादा आकडा, हे लक्षातही राहतं आणि ओळखायला अवघड जातं.

भाड्याने रूम देणाऱ्यांसाठी गेस्ट नेटवर्क ही सोय चांगली आहे. भाडेकरूंना त्याचा पासवर्ड द्यायचा, घरच्यांचं नेटवर्क वेगळं राहतं. मग डिपॉझिट परत करण्याच्या दिवशी फक्त गेस्टचा पासवर्ड बदलला की झालं, घरातले कॅमेरे आणि टीव्ही पुन्हा जोडत बसावं लागत नाही.

लॉगिन आठवतच नसेल तर राउटरमागच्या छोट्या भोकात पिन दाबण्याचा मोह होतो. थांबा. रिसेटने वाय-फायच्या पासवर्डसोबत बाकीचं सेटिंगही पुसलं जातं. लोकल केबलवाल्याच्या कनेक्शनवर बहुधा इंटरनेटचा युजर आयडीही त्यात असतो, आणि तो पुन्हा टाकेपर्यंत नेट बंद राहतं. तो लिहून ठेवलेला नसेल तर आधी केबलवाल्याला फोन करा, पिन नंतर.