डोंगराच्या आत कातळ कुठला, वर माती किती? भूवैज्ञानिक नकाशा गावाला काय सांगतो

पावसाळा लागला की सह्याद्रीतल्या वाड्या-वस्त्यांना एकच धास्ती असते, दरडीची. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाडलं गेलं, दीडशेवर माणसं गेली. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातलं तळीये आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी. इर्शाळवाडी तर दरडप्रवण गावांच्या यादीतच नव्हती. म्हणून डोंगराचा नकाशा कसा बनतो आणि त्यात काय सुटू शकतं, हे गावाला माहीत पाहिजे.

आतला कातळ

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक साचून सह्याद्रीचा कातळ तयार झाला. सगळे थर सारखे नाहीत. काही घट्ट काळा पाषाण, काही भोकाभोकांचे आणि लवकर झिजणारे. दोन थरांच्या मध्ये काही ठिकाणी लाल मातीचा पट्टा असतो. घट्ट थराचा उभा कडा होतो, मऊ थराचा उतार होतो. त्या उतारावरच वाड्या आणि शेती असते. पावसाचं पाणी कातळाच्या भेगांतून खाली मुरतं, न झिरपणारा थर लागला की अडतं आणि बाजूने झरा होऊन बाहेर येतं.

वरचं पांघरूण

कातळावर मुरूम, माती आणि कड्यावरून पडलेले दगडगोटे असतात. कड्याच्या पायथ्याशी हा थर जाड होतो. आपल्याकडच्या दरडींत बहुतेक वेळा हे पांघरूणच सरकतं. सतत पाऊस झाला की माती पाणी पिऊन जड होते, तिची पकड सुटते आणि ती खालच्या कातळावरून घसरते. म्हणून कातळ आणि वरचा थर, दोन्हींचा नकाशा लागतो.

नकाशा कसा बनतो?

हे काम भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही १८५१ पासूनची केंद्र सरकारची संस्था करते.

- आधी उपग्रहाच्या चित्रांवरून कडे, ओढे, जुन्या दरडींच्या खुणा पाहतात.
- मग हातोडा, होकायंत्र आणि जीपीएस घेऊन डोंगर पायी फिरतात. ओढ्याचा काठ, विहिरीची कड, रस्त्याची कापणी, जिथे खडक उघडा दिसतो तिथे थर नोंदवतात.
- खडकाचे नमुने प्रयोगशाळेत तपासतात.
- उतार किती, मातीचा थर किती जाड, झरे कुठे, जमीन कशासाठी वापरली आहे, हे सगळं एकत्र मांडतात.

यावरून दरडीची शक्यता जास्त, मध्यम की कमी, असे भाग पाडले जातात. खडकांचे नकाशे संस्थेच्या 'भूकोश' पोर्टलवर मोबाईलवरही बघता येतात. २०२४ मध्ये 'भूसंकेत' पोर्टल आणि 'भूस्खलन' ॲपही सुरू झालं.

नकाशाची मर्यादा

देशपातळीवरचे दरडीचे नकाशे १:५०,००० प्रमाणाचे आहेत. म्हणजे नकाशावरचा एक सेंटीमीटर जमिनीवर अर्धा किलोमीटर. वीस-पंचवीस घरांची वाडी त्यात जेमतेम ठिपक्याएवढी. वाडीच्या वरचा एखादा ओहोळ, घरासाठी कापलेला बांध किंवा नवा रस्ता त्यात दिसेलच असं नाही. त्यामुळे 'कमी शक्यता' म्हणजे 'धोका नाही' असं कुणी धरू नये. शिवाय नकाशा जागा सांगतो, वेळ सांगत नाही.

गावकऱ्यांनी काय बघावं?

- उतारावर किंवा घराच्या जोत्याला नवीन भेग, रोज रुंदावणारी.
- झाडं, विजेचे खांब, कुंपण खालच्या बाजूला कलणं.
- झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ होणं, आटणं किंवा नव्या जागी फुटणं.
- वरून दगड-माती घरंगळणं, जमिनीतून आवाज येणं.

विहीर खोदताना किती फुटांवर मुरूम लागला, किती फुटांवर कातळ, हे लिहून ठेवावं. पूर्वी दरड कुठे आली होती, हे जुन्या माणसांना विचारून ग्रामपंचायतीत नोंदवावं. तपासणीला माणसं आली की हीच माहिती कामाला येते.

वरच्या खुणांपैकी एकही जोराच्या पावसात दिसली, तर पंचनाम्याची वाट बघू नये. ओढ्याच्या वाटेतून आणि उताराखालून बाजूला सुरक्षित जागी जावं, शेजाऱ्यांना उठवावं, आणि तलाठी किंवा जिल्हा आपत्ती कक्षाला १०७७ वर कळवावं.