तपासणी झाली, सांगणे राहिले

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली, तेव्हा त्यांच्यावर सत्यशोधकांपैकीही काहींनी टीका केली आणि जोतीराव फुले यांनी १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली, हे आपणांस ठाऊक आहे. ताराबाईंचा मूळ सवाल साधा होता. बाईला न विचारता बाईविषयीचे नियम कुणी केले?

त्याच जिल्ह्यात हा सवाल आज आरोग्यखात्याच्या अर्जावर येऊन उभा राहिला आहे. आशाताई घरी येते, तीस वर्षांवरील बाईचा अर्ज भरते. स्तनात गाठ आहे का? आकारात फरक पडला का? स्तनाग्रातून रक्तमिश्रित स्राव होतो का? अर्ज विचारतो. तपासून घेतल्याने कोणत्या वयात किती फायदा होतो, हे मात्र तो सांगत नाही. आशाताईला दोष देण्यात अर्थ नाही. तिच्या हाती दिलेला कागद माहिती घेण्याचा आहे, देण्याचा नाही.

वास्तविक ही माहिती महाराष्ट्रातच तयार झाली आहे, आणि ती कुणाच्या देहावर तयार झाली हा इतिहास आपण वाचला पाहिजे.

पाश्चात्त्य देशांत १९६३ च्या न्यूयॉर्कमधील प्रयोगापासून स्तनांची क्ष-किरण तपासणी, म्हणजे मॅमोग्राफी, पुढे आली. ती यंत्रे आणि तो खर्च आपल्या देशाला झेपणारा नव्हता. म्हणून मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये वेगळा प्रश्न घेतला: वस्तीपातळीवरील प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी नुसत्या हाताने स्तन तपासले तर मृत्यू कमी होतात का? मुंबईतील झोपडपट्ट्यांचे २० गट पाडले गेले. ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रिया त्यांत आल्या. निम्म्या गटांत दर दोन वर्षांनी अशा चार फेऱ्यांत तपासणी झाली. उरलेल्या निम्म्यांना कर्करोगाविषयी एकदा माहिती दिली गेली, तपासणी नाही. याच प्रयोगात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचीही तपासणी होती.

‘झोपडपट्टी’ हा शब्द अहवालात केवळ भूगोल म्हणून येतो. आपल्याला तो तसा वाचता येत नाही. गावकुसाबाहेरून निघालेली, दुष्काळाने हुसकलेली माणसे जिथे येऊन टेकली, ती ही जागा.

न तपासलेल्या गटावरून पुढे वाद पेटला. एरिक सुबा यांनी २०१४ साली भारतीय वैद्यकीय नीतिशास्त्राच्या नियतकालिकात लिहिले की मुंबई, उस्मानाबाद आणि दिंडिगल येथील प्रयोगांत न तपासलेल्या गटांतील किमान २५४ स्त्रिया गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने मृत्यू पावल्या. अमेरिकी पैशावर चाललेल्या अभ्यासातील स्त्रियांना संमतीसाठी पुरेशी माहिती दिली गेली नाही, असा निर्णय खुद्द अमेरिकेच्या संशोधन-संरक्षण कार्यालयाने दिला. संशोधकांचे उत्तर असे की देशात एरवीही तपासणी मिळतच नव्हती. म्हणजे व्यवस्थेने जे नाकारले तेच प्रयोगाचे प्रमाण ठरले! स्तनांच्या बाबतीत मात्र न्यायाने बोलले पाहिजे. हाताच्या तपासणीने जीव वाचतात की नाही हे १९९८ मध्ये जगात कुणालाच ठाऊक नव्हते. तिथे तुलनेचा गट ठेवण्याला आधार होता. परंतु ‘आम्हालाही ठाऊक नाही, आणि तुमची तपासणी होणार नाही’ हे बाईला तिच्या भाषेत सांगण्याचे कर्तव्य त्यामुळे हलके होत नाही, उलट वाढते.

वीस वर्षांनी, २०२१ मध्ये, निष्कर्ष लंडनच्या नियतकालिकात इंग्रजीत छापून आले. तपासलेल्या गटात पुढच्या टप्प्यातले कर्करोग ३७ टक्के, न तपासलेल्यांत ४७ टक्के. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत मात्र मृत्यूंत ठोस घट दिसली नाही.

सरकारी कार्यक्रम २०१६ पासून ३० ते ६५ वयाच्या सर्व स्त्रियांना दर पाच वर्षांनी स्तनतपासणीस बोलावतो. प्रत्यक्षात २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी अशी तपासणी कधी तरी झालेल्या देशभरात ०.९ टक्के निघाल्या. शंभरात एकही नाही. तेव्हा आपले दुखणे दुहेरी आहे: बहुतेकींना तपासणीच नाही, आणि जिला आहे तिला निवड नाही.

इंग्लंडमध्येही बायकांना जाणारे पत्रक वर्षानुवर्षे फायदाच सांगत असे. टीका झाली, २०१२ मध्ये स्वतंत्र समिती बसली. तिचा हिशेब असा: मॅमोग्राफीने एक मृत्यू टळतो तेव्हा सुमारे तीन स्त्रियांवर अशा कर्करोगाचे उपचार होतात, जो त्यांना हयातीत कधी जाणवलाही नसता. हे आकडे २०१३ पासून पत्रकात छापले गेले. शिकलेल्या मेमसाहेबांना जे सांगावे लागते ते मेहकर-लोणारच्या शेतमजूर बाईला कळणार नाही, असे मानणे हा जुनाच अहंकार आहे.

गावच्या बैठकीत दहा मिनिटांत सांगता येईल एवढेच हे आहे. गाठ स्वतःला लागली तर वय पाहू नये, लगेच दाखवावी. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. काहीच त्रास नसताना करावयाच्या तपासणीचा लाभ पन्नाशीनंतर दिसला आहे, त्याआधी तितका नाही. तपासणीत काही आढळले तर पुढे अकोला, छत्रपती संभाजीनगर नाही तर नागपूर गाठावे लागेल, तेव्हा बुडणारी मजुरी आणि एस.टी.चे भाडे आधीच विचारात घ्यावे. आणि ‘नको’ म्हटले म्हणून रेशन किंवा इतर कोणती योजना बंद होत नाही, हे आशाताईने अर्ज उघडण्यापूर्वीच सांगावे.