फ्लेक्सवरचा एकटा माणूस

दरवर्षी 1 ऑगस्टला आमच्या दुधनीत अण्णा भाऊ साठेंचे फ्लेक्स लागतात. फ्लेक्सवर अण्णा भाऊ एकटेच असतात. शाहीर अमर शेख तर आमच्याच सोलापूर जिल्ह्यातले, बार्शीचे. पण हे दोघं एकाच बँडमध्ये होते, हे मला इंजिनीअरिंग संपल्यावर कळलं.

त्या बँडचं नाव लाल बावटा कलापथक. साल 1944. माणसं मुख्य तीन : अण्णा भाऊ, अमर शेख आणि द. ना. गवाणकर.

तिघं एकत्र येण्याआधीचं बघा. अण्णा भाऊ सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावचे, मातंग समाजातले. शाळा जवळपास नाहीच. घरच्यांसोबत चालत मुंबईला आले, मिळेल ते काम केलं, माटुंगा लेबर कॅम्पात राहिले. 1943 मध्ये त्यांनी स्टालिनग्राडचा पोवाडा लिहिला. रशियातली लढाई मुंबईच्या कामगारांना डफावर ऐकायला मिळाली.

अमर शेख यांचं मूळ नाव मेहबूब पटेल. गाणं आईकडून आलं. मुनेरबींना लोकगीतं पाठ होती. घरची गरिबी, म्हणून पोरगा मोटारीवर क्लीनर झाला, मग गिरणीत लागला. तिथल्या संपापायी विसापूरचा तुरुंग बघितला. गवाणकर स्वतः गाणी लिहिणारे शाहीर.

म्हणजे अण्णा भाऊंची लेखणी, अमर शेखांचा पहाडी आवाज आणि जोडीला गवाणकर. कंपनी नाही, रेकॉर्ड नाही, तिकीट लावावं असं थिएटर नाही. कम्युनिस्ट चळवळीतले हे कार्यकर्ते. त्यांचं स्टेज म्हणजे गिरणीचं गेट, चाळीचं पटांगण, शेतकऱ्यांची सभा. आपण आज ‘इंडी’ म्हणतो ते याहून वेगळं काय असतं?

पण खरी गंमत त्यांनी तमाशाचं काय केलं त्यात आहे. तमाशाची रचना ठरलेली. आधी गण, म्हणजे गणपतीला वंदन. मग गवळण : कृष्ण, पेंद्या, मावशी. त्यानंतर वग. अण्णा भाऊंनी गणात गणपतीच्या जागी मायभूमीला वंदन आणलं. गवळण काढूनच टाकली. ‘अकलेची गोष्ट’ हे त्यांचं 1945 चं वगनाट्य. राजा-प्रधानाच्या जागी सावकार आणि शेतकरी आले. ढोलकी, तुणतुणं तेच, सोंगाड्याची हजरजबाबी भाषा तीच. त्यामुळे प्रेक्षकाला परकं काही वाटलं नाही. त्याच्या ओळखीच्या खेळात पहिल्यांदा तो स्वतः उभा होता.

सरकारलाही ते कळलं. मोरारजी देसाई मुंबई प्रांताचे गृहमंत्री असताना कलापथकाच्या तमाशांवर बंदी आली. तेव्हा यांनी तमाशाला लोकनाट्य म्हणायला सुरुवात केली. आज हा शब्द आपण सरकारी कार्यक्रमांतही ऐकतो. बंदीतून वाट काढताना तो रुळला, हे फारसं कुणाला आठवत नाही.

पुढे पथक विस्कळीत झालं, वाटा वेगळ्या झाल्या. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात दोघांचेही आवाज पुन्हा गाजले. 18 जुलै 1969 ला अण्णा भाऊ गेले. 29 ऑगस्टला अमर शेख अपघातात गेले. मध्ये फक्त 42 दिवस.

त्यानंतर आपण वाटणी केली. अण्णा भाऊ एका समाजाच्या वाट्याला दिले. अमर शेख पोवाड्यांच्या जुन्या रेकॉर्डिंगपुरते उरले. गवाणकर तर कुणाच्याच वाट्याला आले नाहीत. मातंग घरातल्या माणसाने लिहायचं, मुसलमान घरातल्या माणसाने गायचं आणि समोरच्या कामगाराने ते आपलं म्हणायचं, हे 1944 मध्ये जमलं होतं. त्यासाठी तिघांना एका स्टेजवर उभं राहावं लागलं. फ्लेक्सवर मात्र आपल्याला एकच फोटो लागतो.

पुढच्या 1 ऑगस्टला मंडळाच्या पोरांना म्हणणार आहे, या वर्षी तीन फोटो लावू. जागा पुरेल.