विक्रमाची वही आणि रथाचा दोर

९ एप्रिल १९३०. नाशिकच्या काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाला महिना उलटून गेला होता. रथोत्सवाचा दिवस होता. तडजोड अशी ठरली होती की स्पृश्य आणि अस्पृश्य, दोन्हीकडच्या बलदंड माणसांनी मिळून रथ ओढायचा. बाबासाहेब आपली निवडक माणसं घेऊन मंदिराजवळ उभे होते. आपली माणसं दोराला हात लावणार, तोच सवर्णांनी रथ ओढून पळवला. मागे धावणाऱ्या सत्याग्रहींवर दगडांचा वर्षाव झाला.

त्या दिवशी रथ कुणी ओढला? वहीत नोंद करणारा लिहील, 'सवर्णांनी'. नोंद खोटी नाही. पण करार मोडून, दुसऱ्याचा हात दोरापर्यंत पोहोचू न देता ओढला, हे ज्या वहीत नाही ती वही खरी म्हणायची का?

हा प्रश्न आज आठवायचं कारण खेळाच्या मैदानातलं आहे. अमेरिकेत बेसबॉलवरून एक वाद वर्षानुवर्षं चालू आहे. बॅरी बॉन्ड्सने एका हंगामात ७३ होम रन मारले, साल २००१. कारकिर्दीत ७६२. दोन्ही विक्रम आजही वहीत त्याच्याच नावावर आहेत. पण त्या काळातल्या अनेक खेळाडूंप्रमाणे त्याच्यावरही स्टेरॉइड घेतल्याचा आरोप आहे. १९९८ साली ७० होम रन मारणाऱ्या मार्क मॅग्वायरने तर २०१० मध्ये स्वतःच कबुली दिली. हे विक्रम धरायचे की नाही? बॉन्ड्सच्या नावापुढे फुली मारून हँक आरनचे ७५५ खरे मानावेत, असं म्हणणारे पुष्कळ आहेत.

हा दूर देशातला वाद नाही. आपल्या नाशिकची धावपटू संजीवनी जाधव हिच्या चाचणीत प्रोबेनेसिड हे द्रव्य सापडलं. बंदी असलेली औषधं लपवायला मदत करणारं हे द्रव्य आहे. तिच्यावर दोन वर्षांची बंदी आली आणि २०१९ च्या दोहा इथल्या आशियाई स्पर्धेतलं १०,००० मीटरचं कांस्यपदक गेलं. शिक्षा भोगून ती पुन्हा मैदानात उतरली. तिला हिणवण्यात आम्हाला रस नाही. पण नियम बरोबर होता का? आमचं उत्तर स्पष्ट आहे: होय.

आपल्यातले काही मित्र म्हणतील, गरीब घरातल्या पोरांना प्रशिक्षक, डॉक्टर जे देतात ते ती घेतात, मग त्यांनाच का शिक्षा? मित्रहो, उलट बाजूने बघा. पदकावर नोकरी मिळते, खेळाडू कोट्यातून वर्दी मिळते, घराचं छप्पर पक्कं होतं. औषध घेऊन जो तिसरा येतो तो चौथ्या आलेल्याचं पदक नेतो, आणि तो चौथाही बहुतेक वेळा आपल्यासारख्याच घरातला असतो. सावरपाड्याच्या आदिवासी घरातून आलेल्या कविता राऊतने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवलं. पाड्यावरच्या अशा पोरींकडे पायांशिवाय दुसरं भांडवल नसतं. चोरी खपवून घेतली तर सगळ्यात आधी त्याच लुटल्या जातील. औषध देणाऱ्या प्रशिक्षकाला आणि डॉक्टरलाही तितकीच कडक शिक्षा व्हावी, हे मात्र आपण ठणकावून सांगितलं पाहिजे.

इथवर बहुतेक वाचक सहमत होतील. खरा प्रश्न पुढे आहे. औषधाने डागाळलेला विक्रम पुसा म्हणणारे, बहिष्काराने डागाळलेल्या विक्रमाबद्दल गप्प का असतात?

बेब रूथचे ७१४ होम रन पवित्र मानले जातात. पण तो ज्या लीगमध्ये खेळला तिथे काळ्या खेळाडूंना प्रवेशच नव्हता. जॅकी रॉबिन्सनने ती भिंत फोडली १९४७ च्या एप्रिलमध्ये. काळ्यांच्या लीगमधला महान फलंदाज जॉश गिब्सन त्याच वर्षी जानेवारीत, अवघ्या ३५ व्या वर्षी गेला. २०२० मध्ये अमेरिकेने काळ्यांच्या त्या लीगना बरोबरीचा दर्जा दिला. २०२४ मध्ये त्यांचे आकडे मुख्य वहीत आले आणि गिब्सनची कारकिर्दीची सरासरी, ०.३७२, सगळ्यांच्या वर गेली. वही तीच, खेळ तोच. फक्त न मोजलेली माणसं मोजली, आणि पहिला नंबर बदलला!

आता आपल्या वहीकडे या. पळवणकर बाळू, चांभार समाजातला डावखुरा फिरकी गोलंदाज. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर मैदानाची कामं करायची आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे. बॅट कधी हातात मिळाली नाही. पुढे हिंदू संघात घेतलं, तरी चहा पॅव्हिलियनबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात याच बाळूने ११४ बळी घेतले. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत १७९ बळी, सरासरी १५.२१. तरीही हिंदू संघाचं कर्णधारपद त्याला कधी रीतसर दिलं नाही. ते मिळायला त्याचा भाऊ विठ्ठल यावा लागला, तेही १९२३ साली.

म्हणजे त्या काळातल्या हिंदू कर्णधारांची यादी ही 'मेरिट'ची यादी नाही. स्पर्धकाला दारात अडवून लावलेला तो निकाल आहे. आज आरक्षणाचा विषय निघाला की 'खेळात कुठे आरक्षण असतं?' असं विचारणाऱ्यांना ही यादी दाखवा. आरक्षण होतं. कर्णधारपदाच्या शंभर टक्के जागा राखीव होत्या, फक्त कुणासाठी ते कुठे लिहिलेलं नव्हतं.

काही कार्यकर्ते इथे आम्हाला अडवतील. बाळू १९३२ मध्ये संयुक्त मतदारसंघाच्या बाजूने गेला, १९३७ च्या निवडणुकीत थेट बाबासाहेबांविरुद्ध उभा राहिला आणि हरला. त्याचं गुणगान कशाला? प्रश्न रास्त आहे. त्याचं राजकारण चुकलं असं आम्हीही म्हणतो. पण त्याचे १७९ बळी त्यामुळे १७८ होत नाहीत. नावडत्या माणसाची नोंद पुसणं हे ज्यांनी आपल्याशी केलं, त्यांचंच काम आपण का करायचं?

म्हणून आमची भूमिका अशी आहे. लबाडीने घेतलेलं पदक काढून ज्याचं आहे त्याला द्यावं. पण वहीचं पान फाडू नये. बॉन्ड्सचे ७६२ राहू द्या, शेजारी औषधांचा काळ लिहा. रूथचे ७१४ राहू द्या, शेजारी काळ्यांना बंदी होती हे लिहा. हिंदू संघाच्या कर्णधारांची नावं राहू द्या, शेजारी बाळू लिहा. पान फाडलं की गुन्हाही फाटतो. समास भरला की गुन्हा नावासकट उरतो.

हा समास आपोआप भरत नाही. गिब्सनसाठी कुणीतरी जुन्या वर्तमानपत्रांतले धावफलक चाळत बसलं, म्हणून तो वर आला. आपल्या वस्तीतल्या तालमी, कबड्डीचे संघ, बिदागी न मिळालेले मल्ल यांची नोंद कोण करणार? जुनी माणसं आहेत तोवर वही-पेन घेऊन बसा. दोर एकदा हातातून हिसकावला गेला होता. लेखणी हिसकावू देऊ नका.

जय भीम!