महानस, भाणस व परसूं : महाराष्ट्रांतील स्वयंपाकघराच्या मांडणीसंबंधीं कांहीं विचार

तर्कसंग्रह शिकणाऱ्या प्रत्येकाची महानसाशीं ओळख असते. पर्वतावर धूर दिसला असतां तेथें अग्नि आहे असें अनुमान करावयाचें, व त्यास दृष्टांत म्हणून महानस, म्हणजे स्वयंपाकघर, द्यावयाचें, हा न्यायशास्त्रांतील जुना परिपाठ आहे. आम्हींही वर्गांत हा दृष्टांत किती वेळां दिला असेल याची गणती नाहीं. परंतु ज्या जागीं धूर व अग्नि नित्य एकत्र दिसतात त्या जागेची रचना कशी होती, धूर कोणीकडून बाहेर पडे, आणि न पडल्यास तो कोणाच्या डोळ्यांत जाई, हा प्रश्न आम्हीं विद्यार्थ्यांस कधीं विचारला नाहीं व विद्यार्थ्यांनींही आम्हांस विचारला नाहीं. इतिहाससंशोधकांची स्थितीही यापेक्षां फारशी निराळी नाहीं. किल्ल्यांचे दरवाजे, बुरूज व तोफा यांचीं मोजमापें आपण हौसेनें छापितों; ज्या चुलीवर त्या किल्ल्यांतील शिबंदीची भाकर भाजली, तिची लांबीरुंदी कोणी घेतलेली आमच्या पाहण्यांत नाहीं. हें न्यून भरून काढण्याचें सामर्थ्य प्रस्तुत लेखांत नाहीं. एक मुद्दा मात्र मांडावयाचा आहे, तो असा कीं, जुन्या ग्रंथकारांनीं स्वयंपाकघरास घातलेल्या दोन अटींपैकीं एक आपल्या पूर्वजांनीं कसोशीनें पाळली, व दुसरी हातची सोडली.

त्या अटी वात्स्यायनानें कामसूत्राच्या भार्याधिकारिक नांवाच्या चौथ्या अधिकरणांत दिल्या आहेत. गृहिणीचीं कर्तव्यें सांगतांना तो म्हणतो कीं, पाकगृह चांगलें आडोशाचें असावें आणि तें पाहण्याजोगेंही असावें. कामसूत्राचें नांव निघतांच ज्यांच्या भुंवया वर जातात त्यांनीं हें अधिकरण अवश्य वाचावें. त्याचा पहिला अध्याय म्हणजे उत्तम गृहव्यवस्थेचें पुस्तक आहे. जिरें, मोहरी, ओवा, बडीशेप यांचे वाफे व उसाचीं बेटें घराजवळ करावीं, मोगरा, जाई, जास्वंद यांचीं झुडपें लावावीं, बागेंत बसण्यास सुंदर ओटे बांधावे व मध्यें विहीर किंवा तळें खणावें, असें तेथें सांगितलें आहे. मुळा, पालक, काकडी, वांगें, कोहळा, दुध्या, सुरण इत्यादिकांचें बीं वेळेवर जमवून वेळेवर पेरावें, हेंही आहे. या यादींतील आलुक म्हणजे बटाटा असें कोणी समजूं नये. बटाटा या देशांत येण्यास तेव्हां हजारावर वर्षें अवकाश होता. पण सांगण्याचा मुद्दा हा कीं, वात्स्यायनाच्या दृष्टीस पाकगृह व बाग हीं दोन स्थळें नाहींत. एकाच गृहिणीच्या एकाच कामाचीं तीं दोन टोकें आहेत.

सुश्रुतानें कल्पस्थानाच्या पहिल्याच अध्यायांत महानसाचें वर्णन केलें आहे. तो अध्याय राजाच्या अन्नाचें विषापासून रक्षण कसें करावें याविषयींचा आहे. त्यामुळें पाकगृहांत केवळ विश्वासू माणसांचा वावर असावा, यावर त्याचा कटाक्ष असणें साहजिक आहे. तथापि त्याच जागीं तो सांगतो कीं, हें घर प्रशस्त व स्वच्छ असावें, त्यास जाळ्या व पुष्कळ खिडक्या असाव्या, आणि वर छत लावलेलें असावें. येथें वाचकांनीं क्षणभर थांबावें. ज्यास विषप्रयोगाचें भय आहे, म्हणजे गुप्ततेचें कारण ज्याच्यापाशीं सर्वांत प्रबळ आहे, तो ग्रंथकारसुद्धां खिडक्या बंद करण्यास सांगत नाहीं. परकीं माणसें दूर ठेवणें निराळें व उजेड-वारा दूर ठेवणें निराळें, हा भेद त्यास स्पष्ट दिसत होता.

वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत ईशान्येस देवघर, आग्नेयेस महानस, नैर्ऋत्येस भांडींकुंडीं व वायव्येस धान्य आणि धन अशी वांटणी आहे. अग्नीची दिशा म्हणून आग्नेयी, हें तर उघडच आहे. पण महाराष्ट्रापुरतें बोलावयाचें तर उन्हाळ्यांत व पावसाळ्यांत वारा बहुधा पश्चिमेकडून वाहतो, आणि घराच्या पूर्वांगास चूल असली म्हणजे धूर घरांत न शिरतां बाहेर जातो. हिंवाळ्यांत वारा उलटतो, तेव्हां हें समर्थन पुरें पडत नाहीं, हें आम्हीं जाणतों.

आपल्या प्रांताशीं अधिक निकटचा ग्रंथ म्हणजे कल्याणीच्या चालुक्यांपैकीं तिसऱ्या सोमेश्वराचा मानसोल्लास. तो इ. स. ११२९ च्या सुमाराचा असून बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत श्रीगोंदेकरांनीं संपादित केलेला त्याचा पहिला भाग १९२५ त प्रसिद्ध झाला. त्यांतील अन्नभोगाच्या प्रकरणांत मंडक, म्हणजे आपले मांडे, तापलेल्या खर्परावर भाजावयास सांगितले आहेत. खर्पर म्हणजेच खापर. खानदेशांत चुलीवर मातीचें खापर पालथें घालून त्यावर पुरणाचे मांडे भाजण्याची रीत आजही चालू आहे. राज्यें गेलीं, कल्याणीचा राजवाडा नाहींसा झाला. साडेआठशेंहून अधिक वर्षें टिकलें तें मडक्याच्या जातीचें एक ठिसूळ उपकरण.

वस्तूप्रमाणें शब्दही टिकतात. घांटावरील खेड्यांतून चुलीला, किंवा चुलीला लागून भांडीं टेकण्यासाठीं केलेल्या मातीच्या ओटीला, भाणस अथवा भाणवस म्हणतात. या शब्दाची व्युत्पत्ति भांडें या शब्दाशीं जोडण्याचा मोह होतो. आमच्या मतें महानस या शब्दाशींच त्याचा संबंध असावा. आद्य महा याचा म्हा व त्यापुढें भा होणें अशक्य नाहीं. महिषीची मराठींत म्हैस व हिंदींत भैंस झाली, हें सर्वांच्या परिचयाचें आहे. हा तर्क खरा असेल, तर पंडितांच्या पोथींतून आम्हीं ज्याची ओळख करून घेतली तो शब्द शेतकऱ्याच्या घरांत चुलीपाशीं निमूटपणें बसलेला होता, असें म्हणावें लागेल.

ग्रंथांतून भूमीकडे वळूं. शिरूर तालुक्यांत घोड नदीच्या कांठीं इनामगांव येथें डेक्कन कॉलेजनें १९६८ पासून १९८३ पर्यंत केलेल्या उत्खननांत इ. स. पूर्वीं सुमारें १६०० ते ७०० या काळांतील वसाहत उघडकीस आली. तेथील घरांत चुली व धान्याच्या सांठवणीच्या जागा आढळल्या, त्याचप्रमाणें घराबाहेर अंगणांतही अग्नीचे खड्डे आढळले. म्हणजे आंत एक अग्नि व बाहेर दुसरा, ही योजना या भूमींत तीन हजार वर्षांपूर्वींची आहे. आजही खेड्यांत लग्नकार्याची चूल अंगणांत किंवा परसांत खणतात, स्नानाचें पाणी बाहेर तापवितात, हुरडा शेतांत भाजतात. परक्या देशांत घराबाहेर शिजविणें ही करमणूक समजतात व तिचें अनुकरण आतां येथेंही होऊं लागलें आहे. आपल्याकडे ती करमणूक नव्हती, कामाची सोय होती.

स्वयंपाकघराचा खरा विस्तार चुलीपासून परसापर्यंत असे. आंत चूल, तिचा वैल, शेजारीं पाटा-वरवंटा, भिंतींत कोनाडे व फडताळ, आढ्याला शिंकें, कोपऱ्यांत गाडग्यांची उतरंड. माजघरांत जातें, पडवींत उखळ-मुसळ. पापड, कुरडया, सांडगे यांचें वाळवण अंगणांत. परसांत आड, त्याच्याजवळ भांडीं घांसण्याची जागा, आणि त्या सांडपाण्यावर अळू व केळी. कोंकणांत ही शेवटची योजना इतकी सर्वत्र आहे कीं तिची कोणास नवलाई वाटत नाहीं. पण विचार करावा : मोरीचें पाणी अळवास, अळू चुलीवर, केळीचें पान ताटाच्या जागीं, उष्टें पान गुरांपुढें, गुरांचें शेण सारवणास व गोंवऱ्यांस, गोंवऱ्या चुलींत, आणि चुलींतील राख पुन्हा भांडीं घांसण्यास. वात्स्यायनानें वाफे व ओटे सांगितले, पण हें चक्र त्यानेंही सांगितलेलें नाहीं. तें येथील बायकांनीं बसविलें.

आतां वाड्यांकडे. शनिवारवाड्याचा पाया १७३० त घातला गेला आणि १८२८ च्या आगींत त्याची इमारत जळाली. तेव्हां तेथील मुदपाकखान्याविषयीं जोत्यांवरून फारसें बोलतां येत नाहीं. परंतु त्या धर्तीवर सरदार-सावकारांनीं बांधलेले जे वाडे उरले आहेत त्यांपैकीं कांहीं आम्हीं हिंडून पाहिले. दिवाणखान्यास नक्षीचे खांब व सुरूदार महिरपी, देवघराच्या भिंतीवर चित्रें. आणि स्वयंपाकघर मागच्या चौकांत, जाड भिंतींच्या पोटांत, एखाद्या झरोक्याच्या आधारावर. शेजारच्या घराशीं भिंत सामाईक असल्यानें दोन बाजूंस खिडकी नाहीं. तिसऱ्या बाजूस माजघर. चौथीस चौक, आणि तेथून कोणाची दृष्टि पडूं नये म्हणून दार अरुंद व बुटकें. सोंवळ्यानें व पडद्यानें आडोशाची अट पुरी केली, नव्हे ती दुप्पट केली. पाहण्याजोगें असण्याची अट दिवाणखान्यांत जाऊन बसली. सुश्रुतानें ओळखलेला भेद येथें लोपला; माणसांस आंत येऊं द्यावयाचें नाहीं म्हणून उजेडासही येऊं दिलें नाहीं.

न्याय करावयाचा तर धुराची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. चुलीवरील माळ्यावर ठेवलेलें बियाणें धुरानें किडीपासून वांचे. वांसे व बांबू टिकत. पावसाळ्यांत ओलें सरपण त्याच उबेनें सुके. शिवाय गरिबाचें घर या बाबतींत वाड्यापेक्षां सुखी होतें. कौलांच्या सांध्यांतून धूर सहज निघून जाई, व देशावरील धाब्याच्या घरांत माळवदाला साणें ठेवीत, त्यांतून धूर जाई आणि उजेड येई. ऐश्वर्याबरोबर भिंती जाड झाल्या आणि धूर कोंडला, असा हा विपरीत प्रकार आहे. आमच्या आजोळीं असें एक स्वयंपाकघर होतें. दुपारींही तेथें दिवा लागे. आजी पन्नाशींत असतांनाच माणूस आवाजावरून ओळखूं लागली होती, आणि घरांत सर्वजण तें वयाचें लक्षण समजत. चुलीकडे बोट कोणी दाखविलें नाहीं, आम्हींही नाहीं.

तरीही ती जागा पाहण्याजोगी ठेवण्याचा हट्ट तेथें वावरणारांनीं सोडला नाहीं, हें विशेष होय. रात्रीं चूल थंड झाली कीं तिला पोतेरें, सकाळीं पेटविण्यापूर्वीं रांगोळीच्या दोन रेघा व हळदकुंकू. चैत्रांत अंगणांत चैत्रांगण. वास्तूनें नाकारलेलें सौंदर्य असें रोजच्या रोज हातानें काढावें लागे व रोज पुसलें जाई. जें पुसलें गेलें नाहीं तें धातूंत व लाकडांत उतरलें. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयांत विळ्या, खवण्या, अडकित्ते व दिवे यांची रांग पाहावी; नारळ खवण्याच्या साध्या साधनाला पशुपक्ष्यांचे आकार देणाऱ्या कारागिरानें आणि तें हौसेनें विकत घेणाऱ्या घरानें वात्स्यायनाची दुसरी अट आपल्या परीनें पाळली, असें आम्हांस वाटतें. ना. गो. चापेकरांनीं जुन्या जमाखर्चांवरून 'पेशवाईच्या सावलींत' हें पुस्तक १९३७ त सिद्ध केलें; त्या प्रकारच्या कागदांत तांब्यापितळेचीं भांडीं वारंवार भेटतात. वांटणीच्या याद्यांतही भांडीं वजनासह लिहिण्याचा प्रघात होता. शास्त्रदृष्ट्या तर निराळा पाक हें विभक्तपणाचें एक लक्षणच होय. आपण आजही भाऊ वेगळे झाले असें न म्हणतां चुली वेगळ्या झाल्या असें म्हणतों.

पुढील इतिहास त्वरेनें सांगतां येईल. १९३४ त स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघानें वर्ध्यास मगनवाडींत धूर बाहेर नेणारी मगनचूल तयार केली; हैदराबादेस एस. पी. राजू यांनीं त्याच दिशेनें काम करून १९५३ त त्यावर पुस्तक लिहिलें. शहरांत आधीं घासलेटाचा स्टो व मागाहून गॅसची शेगडी आली, बसून रांधणारी स्त्री ओट्यापाशीं उभी राहिली, नळ आंत आला. ग्रामीण घरांस गॅस देणारी उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजीं सुरू झाली. धुरावांचून अग्नि दिसूं लागल्यानें व्याप्ति कांहीं मोडली नाहीं, कारण धूर तेथें अग्नि एवढेंच ती सांगते. नैयायिकांचा दृष्टांत मात्र जुना झाला. आतां नव्या घरांत स्वयंपाकघर दिवाणखान्यास उघडें असतें व पाहुण्यांस मुद्दाम दाखवितात. पाहण्याजोगेपणाची अट अशी भरपाईसह पुरी होत आहे. परंतु त्याच घरांतून परसूं समूळ गेलें आहे आणि सज्जांतल्या चार कुंड्यांत ओव्याचें एखादें रोप त्याची आठवण करून देतें. अळवास जाणारें पाणी आतां गटारास जातें.

वाडे झपाट्यानें पाडले जात आहेत, व पाडणारे प्रथम मागचा चौक पाडतात, कारण तेथें जपण्यासारखें कांहीं आहे असें कोणास वाटत नाहीं. ज्या वाचकांच्या घरीं असें स्वयंपाकघर उभें असेल त्यांनीं चुलीची व वैलाची लांबी, रुंदी, उंची, झरोक्याची दिशा, चुलीपासून आडापर्यंतचें अंतर व मोरीचें पाणी कोठें जाई, एवढें मोजून टिपून ठेवावें. जुन्या वांटणीच्या यादींतील भांड्यांचीं नांवें व वजनें नकलून पाठविल्यास आम्हीं तीं आभारपूर्वक पुढील लेखांत घेऊं. घरांत वृद्ध स्त्रिया असतील तर प्रथम त्यांस विचारावें; त्यांच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे लिहावे, शुद्ध करूं नयेत.