पहिली शिडाची नौका घेताना

मुंबईत बांधलेली ‘सुहेली’ ही ३२ फुटी सागवानी नौका डिसेंबर १९६४ मध्ये पाण्यात उतरली, तेव्हाही तिचा आराखडा जुनाटच समजला जात होता. तरीही १९६८-६९ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत निघालेल्या नऊ नौकांपैकी अखेरपर्यंत पोहोचली ती एकटी सुहेली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी तिच्यातून ३१२ दिवसांत, कोठेही न थांबता, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. नौकेचा दिमाख आणि तिची समुद्रयोग्यता या दोन निराळ्या गोष्टी होत, हे पहिल्यांदा नौका घेऊ पाहणाऱ्याने सर्वप्रथम ध्यानात घ्यावयास हवे. चकचकीत रंग चार दिवसांत देता येतो. आत मुरलेले पाणी मात्र तसे सहजी काढता येत नाही.

नौका घेण्यापूर्वी निदान एक संपूर्ण हंगाम दुसऱ्याच्या नौकेवर काढावा. कुलाब्याच्या बाजूस मुंबई बंदरात आणि हैदराबादच्या हुसेनसागरावर शीडनौकानयनाची जुनी परंपरा आहे. शर्यतीसाठी एखाददुसरा गडी कमी पडणे ही तर तेथील नित्याचीच बाब. अशा वेळी दोर ओढावयास जाणाऱ्यास आपणांस एकट्याची छोटी नौका हवी की चौघांची, हे पैसे न मोडता कळते.

एकट्याने शिकणाऱ्यासाठी ‘लेझर’ ही नौका जगभर परिचित आहे. २०१९ पासून तिचे अधिकृत नाव ‘आयएलसीए’ असे झाले. लांबी सुमारे ४.२ मीटर, सांगाड्याचे वजन सुमारे ५९ किलो, शीड एकच. ती उलटते, आणि नवशिक्याची तर वारंवार उलटते. पण चालकास ती स्वतःच सरळ करता येते. याउलट तळाशी जड कील असलेली २४ फुटी ‘जे-२४’ सहसा उलटत नाही, चार-पाच जणांना सामावून घेते. मात्र तिला सहसा पाण्यात नांगरून ठेवण्याची जागा लागते. पहिली नौका लहान आणि वापरलेली घेणे शहाणपणाचे, कारण पहिल्या वर्षीच्या चुका तिच्या अंगावर उमटणारच.

वापरलेल्या लेझरची परीक्षा सोपी आहे. आधी सांगाडा वजनकाट्यावर ठेवावा; वजन ५९ किलोपेक्षा बरेच अधिक भरल्यास आत पाणी शिरले आहे, असे समजावे. मग डोलकाठी बसते त्या खोबणीत पाणी भरून थोडा वेळ थांबावे. पातळी उतरू लागली तर खोबणीच्या तळाशी भेग आहे. ही भेग वाढत गेली तर डोलकाठी भर वाऱ्यात सांगाडा फाडून निखळू शकते. असा व्यवहार सोडून द्यावा किंवा दुरुस्तीचा खर्च किमतीतून वळता करून घ्यावा.

मोठ्या नौकेची तपासणी अधिक चिकाटीची असते. फायबरग्लासच्या डेकवर प्लास्टिकच्या हातोडीने हलके ठोकत जावे. टणक आवाज येत असता मध्येच बद्द आवाज आला, तर तेथील आतला लाकडी थर भिजून कुजला असण्याचा संभव असतो. डोलकाठीला आधार देणाऱ्या तारांवरून फडके फिरवावे. ते अडकले तर पेड तुटू लागले आहेत. या तारा साधारण दहा ते पंधरा वर्षांनी बदलाव्या लागतात. कील जेथे तळाला जोडली आहे, तेथील भेग मात्र कदापि दुर्लक्षू नये. समुद्रात कील निखळून नौका क्षणार्धात पालथ्या झाल्याची उदाहरणे आहेत. शिडाचे कापड उन्हाने जीर्ण होते. शिवणीवर नख घासून दोरा तुटला, तर शीड पुन्हा शिवून घेण्याची किंवा बदलण्याची वेळ आली आहे. कील असलेली नौका घेताना तज्ज्ञ सर्वेक्षकाचे शुल्क वाचवू नये.

खरा भार खरेदीनंतर सुरू होतो. देखभाल, जागा व विमा यांवर दर वर्षी नौकेच्या किमतीच्या सुमारे दहा टक्के खर्च येतो, असा ढोबळ ठोकताळा आहे. जुन्या, स्वस्तात मिळालेल्या नौकेवर तो याहून बराच अधिक होतो. मुंबईत त्यात पावसाळ्याची भर पडते. जून ते सप्टेंबर नौका किनाऱ्यावर ओढून, झाकून ठेवावी लागते. उधाणाच्या दिवसांत येथे भरती-ओहोटीतील फरक चार मीटरच्या वर जातो, म्हणून भरतीच्या वेळी प्रशस्त भासणारी नांगराची जागा ओहोटीलाही जाऊन पाहावी. कदाचित तेथे नुसता चिखल असेल. जागा निश्चित झाल्याखेरीज इसारा देऊ नये. नोंदणीच्या नियमांची चौकशी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आधीच करावी आणि विक्रेत्याच्या नावावरील मूळ कागद प्रत्यक्ष पाहावेत.

एवढे जमल्यावर चाचणीची फेरी मागावी. सकाळच्या पडत्या वाऱ्यात सगळ्याच नौका गुणी वाटतात. म्हणून ती दुपारनंतर, खारे वारे चढल्यावर घ्यावी. मध्येच सुकाणूचा दांडा अलगद सोडून पाहावा. नौका हळूहळू वाऱ्याकडे तोंड करून थांबली, तर तिची बांधणी व शिडांचा तोल ठीक आहे. ती वाऱ्याकडे पाठ फिरवून धावू लागली, तर त्याचे कारण विक्रेत्याकडून समजल्यावाचून पैसे मोजू नयेत.