हडपसरचा फाटा आणि दिवेघाटाची चढण

ज्येष्ठ वद्य पक्षात पुण्यातील दोन दिवसांचा मुक्काम आटोपून ज्ञानेश्वरांची आणि तुकारामांची अशा दोन्ही पालख्या एकाच सकाळी पूर्वेकडे निघतात आणि हडपसरला येऊन वेगळ्या होतात. तुकारामांची पालखी सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरकडे जाते, तर ज्ञानेश्वरांची फुरसुंगी, उरुळी देवाची, वडकी असे करत दिवेघाट चढून सासवडला पोचते. पाहणाऱ्याला ही केवळ रस्त्याची सोय वाटते. प्रत्यक्षात एकोणिसाव्या शतकात झालेली एक फारकत या फाट्यावर दरवर्षी नव्याने घडत असते.

पालखीची प्रथा तुकारामांचे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ मध्ये सुरू केली, असे वारकरी संप्रदाय मानतो. वारी, म्हणजे ठरल्या तिथीला पंढरपूरची नेमाने केलेली ये-जा, त्याआधीही शतकानुशतके चालत होती. नारायणमहाराजांनी तुकारामांच्या पादुका पालखीत ठेवल्या, आळंदीहून ज्ञानेश्वरांच्या पादुका घेतल्या आणि दोन्ही संतांचा एकच सोहळा पंढरपूरला नेला. ही जोडपालखी सुमारे दीडशे वर्षे चालली. पुढे तुकारामांच्या वंशजांत, म्हणजे देहूकर घराण्यात, हक्कांवरून वाद वाढत गेले आणि १८३२ च्या सुमारास आरफळचे हैबतबाबा पवार यांनी ज्ञानेश्वरांचा सोहळा स्वतंत्रपणे काढला.

सातारा भागातील आरफळचे हे गृहस्थ ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी होते, आणि परतीच्या वाटेवर सातपुड्यात लुटारूंच्या तावडीतून सुटल्यावर त्यांनी उरलेले आयुष्य आळंदीला वाहिले, अशी कथा सांगितली जाते. कथेचा तपशील बाजूला ठेवला तरी त्यांच्या व्यवस्थेवर छावणीचा ठसा स्पष्ट दिसतो. सोहळ्यासाठी घोडे आणि तंबू अंकलीच्या शितोळे सरदारांकडून आले आणि ते घोडे आजही बेळगाव भागातून पायी आळंदीला येतात. त्यांपैकी एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो, तर दुसऱ्याची पाठ माउलींसाठी, म्हणजे ज्ञानेश्वरांसाठी, मोकळी ठेवलेली असते. मुक्कामाच्या जागेला ‘तळ’ म्हणतात, वाटेतल्या थांब्यांना ‘विसावा’, आणि नियमन करणाऱ्या मानकऱ्यांना ‘चोपदार’. ‘विसावा’ सोडला तर ही भाषा देवळापेक्षा दरबाराची आणि फौजेची अधिक आहे. हैबतबाबांचे खरे कर्तृत्व पालखी वेगळी काढण्यात नसून, वासकरांसारख्या फडांना, म्हणजे एका गुरुपरंपरेभोवती जमलेल्या वारकरी मंडळींना, सोबत घेऊन हजारो माणसे एका ओळीत चालवण्याची रीत बसवण्यात आहे.

या रीतीचा मूळ घटक म्हणजे दिंडी. वारीत कोणी एकट्याने चालत नाही, आणि चार स्नेही जमले म्हणून त्यांची दिंडीही होत नाही. पुढे पताकाधारी, त्यांच्यामागे रांगेने टाळकरी, मध्ये मृदंग वाजवणारे, नंतर विणेकरी आणि मागे तुळस व पाण्याची घागर डोक्यावर घेतलेल्या स्त्रिया, असा तिचा क्रम असतो. विणेकऱ्याने वीणा जमिनीवर टेकवायची नसते. तो थकला की ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. प्रत्येक दिंडीला क्रमांक असतो. पालखीच्या रथापुढे सत्तावीस दिंड्या चालतात, बाकीच्या रथामागे, आणि रथामागच्या पहिल्या क्रमांकाचा मान वासकरांचा. काय म्हणायचे हेही ठरलेले असते: सकाळी भूपाळ्या आणि वासुदेव, मग गौळणी आणि त्या त्या वाराचे अभंग, दिवस कलताना हरिपाठ. त्यामुळे मुरलेल्या वारकऱ्याला किती वाट सरली याचा अदमास घड्याळापेक्षा भजनावरून लवकर येतो. वय, गाव किंवा नाव न विचारता समोरच्याला ‘माउली’ म्हणायचे आणि पाया पडायचे, हा शिरस्ताही याच शिस्तीचा भाग आहे. अनोळखी माणसाशी बोलायला सुरुवात कशी करावी हा प्रश्न तो परस्पर सोडवून टाकतो.

या व्यवस्थेचा कस पुणे-सासवड टप्प्यावर लागतो. सुमारे तीस किलोमीटरची ही मजल मार्गावरील सर्वांत लांब मजलांपैकी एक आहे, तिच्या शेवटाकडे घाट येतो, आणि बहुतेक वर्षी त्याच दिवशी योगिनी एकादशी असल्याने चालणाऱ्यांच्या पोटात साबुदाणा, भगर किंवा शेंगदाणे यांपलीकडे फारसे काही नसते. वडकीच्या बाजूने, मस्तानी तलावाच्या अंगाने, रस्ता वर चढू लागतो तेव्हा रथाच्या बैलांना परिसरातील शेतकऱ्यांच्या जादा जोड्या जुंपल्या जातात. घाटाखाली उभे राहिले की वळणावळणांवर पताकांची एकच रेघ वर सरकताना दिसते. वर्तमानपत्रांना याच दृश्याचे छायाचित्र दरवर्षी हवे असते, आणि ते घेताना रेघेतली माणसे किती वेळ उपाशी चालत आहेत हे क्वचितच ध्यानात येते.

वर सासवडला ज्ञानेश्वरांचे धाकटे बंधू सोपानदेव यांची समाधी आहे. तेथे दोन रात्रींचा मुक्काम असतो आणि सोपानदेवांची पालखीही तेथूनच निघते. तळावर पालखी पोचली की दिंड्या भोवती जमतात आणि टाळांचा कल्लोळ चालू असतानाच चोपदार हातातील दंड उंचावतो. क्षणात सारे शांत होते. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर तिचे टाळ मात्र वाजतच राहतात, आणि चोपदाराने जाऊन ती ऐकून घेतल्याशिवाय थांबत नाहीत. मग हरवलेल्या आणि सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात, उद्याच्या प्रस्थानाची वेळ सांगितली जाते आणि समाजआरती, म्हणजे साऱ्या दिंड्यांची मिळून एक आरती, होते. दाद मागण्याची इतकी सोपी आणि इतकी गोंगाटी पद्धत कोणत्याही कचेरीत सापडणार नाही.

सोबतीला हिशेबाची बाजूही आहे. दिंडीतील जेवणखाणासाठी प्रत्येकाने जी वर्गणी भरायची तिला ‘भिशी’ म्हणतात. पूर्वी बैलगाड्या आणि आता मालमोटारी सामान घेऊन पुढे जातात, आचारी आधी पोचून चुली पेटवतात, आणि चालणारा येतो तेव्हा राहुटी उभी असते. मात्र एकत्र चालणे म्हणजे एका पंगतीला बसणे नव्हे, हे इरावती कर्वे यांनी ‘वाटचाल’ या लेखात नोंदवले आहे. एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठा मंडळींचे गट वेगळे जेवतात याची खंत त्यांनी लपवलेली नाही, आणि पंढरपूरला जे लोक वारीला जातात त्यांचा देश तो महाराष्ट्र, ही त्यांची व्याख्याही त्याच वाटेवर सुचली. वारीवर लिहिणाऱ्या अनेकांना ही व्याख्या आठवते, खंत आठवत नाही. दि. बा. मोकाशी यांचे ‘पालखी’ (१९६४) हे पुस्तकही भाबडेपणाला असाच नकार देते.

२०२० आणि २०२१ मध्ये साथीमुळे पायी सोहळा झाला नाही. पादुका एसटीच्या बसने पंढरपूरला गेल्या आणि हडपसरच्या फाट्यावर कोणीही वेगळे झाले नाही. २०२२ च्या आषाढी वारीसाठी दिंड्या पुन्हा दिवेघाट चढल्या.